दोन प्रतिष्ठित रहिवासी

थाप तुमच्या दारावर पडलेली नाही, समोरच्या खोलीच्या दारावर पडली आहे. तरी उठावं लागेल. पोलिसांना घरधन्याइतकीच तुमचीही गरज आहे.

बुधवार, २० मार्च १९२९. नायगावची बीडीडी चाळ. डेव्हलपमेंट खात्यानं ती बांधली त्याला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. काँक्रीटच्या भिंती, मधून लांबलचक पॅसेज, मजल्यावर वीस खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. स्प्रिंग मिलचा भोंगा व्हायचाय. तुम्ही गिरणीत हजेरी लिहिणारे कारकून, म्हणून अख्ख्या मजल्याचे ‘मास्तर’. निळा डगला आणि पिवळी टोपी घातलेला शिपाई दारात उभा आहे.

“मास्तर, साहेब बोलावतात. पंच म्हणून उभं राहायचंय.”

“अहो, मला कामावर जायचंय.”

“मग लवकर चला.”

नाही म्हणून बघा. १८९८ च्या दंडप्रक्रिया संहितेचं कलम १०३ सांगतं की झडतीआधी त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, त्यांच्यादेखत झडती घ्यायची, जप्त केलेल्या चीजवस्तूंची यादी करायची आणि तिच्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. लेखी हुकूम दिल्यावरही तुम्ही कारण नसताना नकार दिलात, तर गुन्हा तुमच्यावर. प्रतिष्ठित कोणाला म्हणायचं हे कलम सांगत नाही. या मजल्यावर त्याचं उत्तर सोपं आहे: ज्याला सही करता येते तो. म्हणून तुम्ही, आणि पलीकडच्या खोलीतला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम.

समोरच्या खोलीत साचेखात्यातला कामगार राहतो. गेल्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या, तेव्हा लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनच्या सभांना तो रोज जायचा. आता त्याची बायको पोराला कडेवर घेऊन मोरीपाशी उभी आहे. पेटी उघडली जाते. लुगडी, पितळेचा डबा, गावाकडची पत्रं. मग युनियनची पावतीपुस्तकं, ‘क्रांती’ साप्ताहिकाचे अंक, एक छापील पत्रक. लुगडी परत पेटीत जातात, कागद टेबलावर येतात. झडतीला आलेल्यांना सोनंनाणं, हत्यार यांत रस नाही. त्यांना कागद हवे आहेत.

यादी इंग्रजीत लिहिली जाते. “पेपर्स, मिसलेनियस.” किती, कसले, कोणाच्या हातचे? त्या एका शब्दात सगळं मावतं. तुमच्यासमोर टाक येतो. तुम्ही सही करता, कारण भोंगा झालाय. घरधन्याला यादीची प्रत मिळू शकते, पण मागितली तरच, असं कलम म्हणतं. मागायची असते हे त्याला कोणी सांगत नाही. तुम्हीही नाही.

ही खोली कल्पनेतली आहे. ती सकाळ खरी आहे. मेरठच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटांवर त्या दिवशी देशभर झडत्या झाल्या. मुंबईतून कामगार पुढारी डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि स्वतः गिरणीत काम करणारे आळवे, कासले पकडले गेले. बादशहाची सत्ता उलथण्याचा कट, हा आरोप. खटला मुंबईत न चालवता मेरठला नेला, तिथे ज्यूरी नव्हती. १९३३ साली अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात आलं तेव्हा न्यायमूर्तींसमोर २५ छापील खंड होते: सरकार पक्षाचे ३,५०० हून अधिक पुरावे, बचावाचे १,५०० हून अधिक, आणि ३२० साक्षीदार. त्या न्यायालयानं शिक्षा पुष्कळ कमी केल्या. पण तुम्ही एवढंच ध्यानात घ्या, की कागदाला वजन येतं तो कोणाच्या घरात सापडला यावरून, आणि तो तिथेच सापडला हे सांगायला पंच लागतो. न वाचता केलेली सहीसुद्धा साडेतीन हजारांच्या त्या ढिगाऱ्याला टेकू देते.

पॅसेजमधून पुढे चला. जिन्यापर्यंत पोचेस्तोवर १९६० उजाडतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालंय. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा जोरात आहे आणि त्याच जोरात हातभट्टीही. पॅसेजमध्ये कुजक्या गुळाचा आणि नवसागराचा वास आहे. टायरच्या रबरी ट्यूबांमध्ये भरून दारू कुठून कुठे जाते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पोलीस येतात. या वेळी तुम्हाला कोणी बोलवत नाही. पंच त्यांच्यासोबतच आलेत. दोघेही या चाळीतले नव्हेत. त्यातल्या एकाला तुम्ही गेल्या महिन्यात शेजारच्या चाळीत याच कामाला पाहिलंय. पोलिसांचा नेहमीचा पंच.

दारातून बघा. ट्यूब मोरीखालून निघते. बाटलीत नमुना काढतात, बूच लावतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात, वर लाखेचं सील. नमुना रासायनिक विश्लेषकाकडे जाणार. हवालदार उकिडवा बसून पंचनामा लिहितो, लिहिता लिहिता पुटपुटतो: “झडतीपूर्वी आम्ही पोलिसांनी व पंचांनी आपापली अंगझडती देऊ केली...” ही प्रथा शहाणपणाची आहे. झडती घेणाऱ्यानं खिशातून काही आणून टाकलं नाही याची खात्री तिच्यातून मिळते. फक्त आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत, कोणी कोणाची अंगझडती घेतली नाही. वाक्य मात्र पंचनाम्यात उतरलं.

काही महिन्यांनी कोर्टात जाऊन बसा. नेहमीचा पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, “सही माझी आहे. मजकूर माहीत नाही.” सरकारी वकील त्याला फितूर ठरवतात. आरोपीचे वकील खूश. तुमच्या शेजारी बाकावर बसलेले म्हातारे वकील मात्र मान हलवतात.

“याच्यावर सुटला तर सुटला. पण झडती बेकायदा होती म्हणून सुटेल असं समजू नका.”

त्यांच्याजवळच बसा आणि साल पुढे सरकू द्या. १९६१ मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय मॅप खटल्यात सांगतं की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा कुठल्याही राज्याच्या कोर्टात चालणार नाही. आपल्याकडे १९६२ मध्ये राधाकिशन खटल्यात सर्वोच्च न्यायालय दुसरी वाट धरतं: नियम मोडून झडती होत असेल तर घरधनी ती अडवू शकतो, कोर्टानं असा पुरावा बारकाईनं तपासावा, पण तेवढ्यानं जप्ती रद्द होत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालात हेच आणखी ठाम होतं. पुरावा मुद्द्याला धरून असेल तर तो कसा मिळवला हे आड येत नाही. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी, अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही, म्हणून ठेवलेलं आहेच. ते मत २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्ती मोडीत काढतील.

“मग कायदा घरधन्याला देतो काय?” तुम्ही विचारता.

“शेजारी देतो,” वकील म्हणतात. “दुसरं काही नाही. तो बघत असला तर सगळं आहे, नाहीतर कागद आहे.”

१९७३ ची नवी संहिता ‘प्रतिष्ठित’च्या आधी ‘स्वतंत्र’ हा शब्द घालते. बाकावरच्या म्हाताऱ्या वकिलांना नेहमीचे पंच आठवत असणार. यादीची प्रत आता मागावी लागत नाही, द्यावीच लागते. पण वस्तीतलं कोणी तयार नसेल तर दुसऱ्या वस्तीतला पंच चालेल, अशी फटही तीच संहिता ठेवते.

बाहेर पडताना १८ ऑगस्ट १९८२ ओलांडावा लागेल. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू आहे आणि आज मुंबईचे पोलीसच संपावर आहेत. त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आहे, शहरात सैन्य उतरलंय. इथं नायगावात सशस्त्र पोलिसांचं मुख्यालय आहे, पोलीस लाइनी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं ठोठावणारी माणसं आज आपल्या दाराकडे कान लावून बसली आहेत. वॉरंट आहे का, कोणाच्या सहीचं, हे प्रश्न आज त्यांच्या घरात विचारले जातात.

आता शेवटची खोली. साल २०२४, जुलै उलटून गेलाय. चाळीचा पुनर्विकास म्हाडानं हाती घेतलाय, १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळणार. समोरच्या खोलीत ऑनलाइन फसवणुकीच्या तपासासाठी भोईवाड्याचे पोलीस आलेत. या वेळी बोलावणं तुम्हाला आहे.

१ जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे सगळी झडती चित्रित करायची, शक्यतो मोबाइलवरच: वस्तू ताब्यात घेणं, यादी करणं, पंचांनी सही करणं, सगळं. चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. शिपाई मोबाइल उंच धरून उभा आहे. खोली एवढीशी, की त्याला मोरीत पाठ टेकवावी लागते.

कॅमेरा आला म्हणून पंच गेले नाहीत. कॅमेरा जिकडे धरला जातो तिकडेच बघतो. चालू करण्याआधी काय झालं हे त्याला माहीत नसतं. आणि जप्त होतंय तेही आता पावतीपुस्तक नाही. समोरच्या पोराचा फोन आहे: आईचे औषधाचे कागद, मित्रांशी झालेली भांडणं, बँक, फोटो, सगळं एका वस्तूत. यादीत त्याची एकच ओळ होते. असा ऐवज जप्त करण्यासाठी नीट नियमावली हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये केंद्राला बजावलंय.

लॅपटॉप, फोन, दोन पेनड्राइव्ह, सिमकार्डं. पाकिटात घालून सील होतं. पंचनामा मराठीत आहे. अधिकारी पेन पुढे करतात. “करा सही काका, उशीर होतोय.”

तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला घेता. खोलीत सगळे ताटकळतात. फोनचा आयएमईआय क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी ताडून बघता. तिसऱ्या ओळीवर थांबता.

“साहेब, पेनड्राइव्ह दोन निघाले. इथे एकच लिहिलाय.”

“तेच ते. त्याच पाकिटात आहेत.”

“मग दोन लिहा. आणि खाली कोरी जागा राहिलीये, तिथे रेघ मारा.”

शिपाई मोबाइल तुमच्याकडे वळवतो. अधिकारी क्षणभर तुमच्याकडे बघतात, मग एकावर रेघ मारून दोन लिहितात, दुरुस्तीशेजारी स्वतः सही करतात. कोऱ्या जागेवर तिरपी रेघ पडते. तुम्ही विचारता, “पोराला प्रत?” ती देतात, आणि मिळाल्याची त्याची सही घेतात.

त्यानंतर तुम्ही सही करता, नाव स्पष्ट अक्षरात लिहिता, खाली खोली क्रमांकही. उद्या कोर्टात बोलावलं तर सहीसोबत मजकूरही तुमचाच असेल.