गुंजभर अफू, वालभर अफू : एका सवयीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला अर्जुनाचा प्रश्न घेतला होता : मनात नसतानाही माणूस चुकीचं का वागतो? आज तोच प्रश्न अफूच्या इतिहासातून बघू. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, पण या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा पेशीशास्त्राच्या हाती लागला, म्हणून आम्हालाही तिकडे जावं लागलं.

सुरुवात घरापासून करू. गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. आमच्या लहानपणी हा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. तिरोड्याकडे आमच्या आजोळी एक म्हातारबा सांधेदुखीसाठी अफू खायचे. आजी म्हणायची, "आधी गुंजभर पुरत होती, आता वालभरही पुरत नाही. मनच कच्चं हाये त्याचं." आणि हीच आजी रोवणीच्या दिवसांत, बाया चिखलात उतरल्या की, बांधावरच्या तान्ह्या लेकराला अफूचं बोट चाटवायची. म्हाताऱ्याचं ते व्यसन, लेकराची ती सोय!

मुंबईच्या गिरणगावात यालाच बाळगोळी म्हणत. डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते असं नोंदवलं. आई पाळीवर गेली की बाळ निपचित पडून राहावं, एवढाच हेतू.

सरकारचं काय म्हणणं होतं? १८९३ मध्ये ब्रिटिशांनी अफूविषयी शाही आयोग नेमला. १८९५ च्या अहवालाचा सूर असा, की हिंदुस्थानात बहुतेक लोक अफू माफक प्रमाणात खातात, तेव्हा बंदीची गरज नाही. विरोधातले मिशनरी अफूला पाप म्हणत होते. भांडण मोठं, पण दोन्हीकडची भाषा चारित्र्याचीच. माफक खाणारा तो संयमी, वाढवत नेणारा तो दुबळा. मात्रा वाढते ती नेमकी का, याचं उत्तर मात्र कुणापाशीच नव्हतं. स्वतंत्र भारतानं १९४९ मध्ये ठरवलं, की दहा वर्षांत अफू खाणं बंद करायचं. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून, नोंदणी झालेले जुने खाणारे सोडले तर, बाकीच्यांना मनाई झाली.

उत्तर पुढं आलं ते १९७३ पासून. बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन, स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस, या तिन्ही ठिकाणी दिसलं, की मेंदूच्या पेशींवर अफूवर्गीय द्रव्यं धरून ठेवणाऱ्या जागा, म्हणजे ग्राहक, असतात. दोन वर्षांनी ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी दाखवलं, की या ग्राहकांवर बसणारी स्वतःची द्रव्यं मेंदू स्वतःच तयार करतो.

त्याच १९७५ साली शैल शर्मा, वर्नर क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर मॉर्फिनचा प्रयोग केला. बरं का, त्या पेशींना ना मन, ना चारित्र्य. मॉर्फिन ग्राहकावर बसलं, की पेशीतला निरोप पोचवणारा एक रेणू कमी होतो. पण मॉर्फिन सतत राहिलं, तर पेशी तो रेणू बनवणारी यंत्रणाच वाढवते आणि पातळी पूर्ववत आणते. मग मॉर्फिन अचानक काढलं, की वाढलेली यंत्रणा मोकाट सुटते आणि पातळी उसळते. अफू तुटल्यावरच्या तळमळीचं मूळ शास्त्रज्ञांना इथं सापडलं.

ग्राहकही गप्प बसत नाही. तो वारंवार चेतवला गेला, की काही विकरं त्याच्या पेशीच्या आतल्या शेपटाला फॉस्फेट जोडतात. त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि निरोप पुढं जाणं थांबतं. कधी पेशी तो ग्राहक आत ओढून घेते. नंतर पुन्हा वर पाठवते किंवा मोडून टाकते. दारावर कुणी एकसारखं ठोठावत राहिलं, तर घरातली माणसं हळूहळू तिकडे लक्ष देईनाशी होतात, तसंच हे. म्हणून गुंजेची वाल होते.

व्यसनाचं सगळं स्पष्टीकरण यात आलं, असं आम्ही म्हणत नाही. दारिद्र्य, एकटेपणा, ओढ हे पेशीबाहेरचे प्रश्न आहेतच. पण मात्रा वाढणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून नक्की ठरतं. हा फरक जीवनमरणाचा आहे. काही काळ सोडून राहिलेल्या माणसाचं शरीर पुन्हा संवेदनशील होतं. त्यानं जुनीच मात्रा घेतली, तर श्वास थांबू शकतो.

हे सारं वाचून माहीत असूनही आम्ही चुकलो. आमच्या थोरल्या भावाला तोंडाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि "दादाला सवय लागेल" म्हणून आम्ही त्या दोन आठवडे कपाटात ठेवल्या. दादा रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिन मिळणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट थोडी सोपी केली. आमच्या घरात मात्र कायदा आड आला नव्हता, आजीचं ते वाक्य आड आलं होतं.

तेव्हा श्रोतेहो, गोंदियात असो की आणखी कुठं, घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. मात्रा त्यांना ठरवू द्या, वाढवावी लागली तर वाढवू द्या. मनाच्या कच्चेपणाचा निवाडा तेवढा आपण करू नये.