४३४ गोल केलेला माणूस यादीत का नसतो?

इंग्लंडच्या लीग फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त गोल कुणाचे? बहुतेक जण ॲलन शिअररचं नाव घेतील, प्रीमियर लीगमधल्या २६० गोलांमुळे. जुन्या फुटबॉलची आवड असेल तर तुम्ही जिमी ग्रीव्ह्ज म्हणाल, ३५७. पण खरं उत्तर आहे आर्थर रोली : ६१९ सामने, ४३४ गोल!

मग हे नाव आपल्या कानावर का येत नाही? आमच्या संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर नमुना कुठे कापला ते आधी बघा. शिअररची यादी १९९२ साली, म्हणजे प्रीमियर लीगपासून सुरू होते. ग्रीव्ह्जची यादी फक्त सर्वोच्च श्रेणीची आहे. रोलीचे बहुतांश गोल त्याखालच्या श्रेणींमधले, त्यामुळे तो दोन्ही चाळण्यांतून खाली पडतो.

रोलीचा जन्म १९२६ चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. युद्धामुळे थांबलेली लीग १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वेस्ट ब्रॉमविचसाठी त्याने ४ गोल केले, फुलहॅमसाठी २७, लेस्टरसाठी २५१. १९५६-५७ च्या एकाच हंगामात ४४ गोल करून त्याने लेस्टरला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून दिलं. १९५८ मध्ये तो श्रूसबरी या छोट्या क्लबात खेळाडू आणि व्यवस्थापक म्हणून गेला. चौथी श्रेणी त्याच वर्षी सुरू झाली होती. पहिल्याच हंगामात त्याने ३८ गोल केले आणि क्लब वर चढला. १९६१ मध्ये त्याने डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा विक्रमही मागे टाकला. १९६५ मध्ये थांबेपर्यंत श्रूसबरीसाठी त्याचे १५२ गोल झाले होते. इंग्लंडच्या मुख्य संघातून मात्र तो एकदाही खेळला नाही. त्याचा भाऊ जॅक सहा वेळा खेळला.

आता पैशाचं बघू. त्या काळी खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असायची. ती शेवटी आठवड्याला २० पौंडांवर आली आणि जानेवारी १९६१ मध्ये रद्द झाली. तेव्हा रोली चौतिशीत होता. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने त्या नियमाला धक्का दिला तो १९६३ मध्ये. म्हणजे भरपूर गोल करणाऱ्यालाही स्वतःची किंमत ठरवता येत नव्हती, आणि हवा तो क्लब निवडणंही पूर्णपणे त्याच्या हातात नव्हतं.

खालच्या श्रेणीत गोल करणं सोपं असतं, असा आक्षेप तुम्ही घ्याल. तो रास्तच आहे. पण साधा हिशेब करा : दर हंगामात २५ गोल, सलग १७ वर्षं, तरी बेरीज होते ४२५. त्या श्रेणींमध्ये पिढ्यान् पिढ्या हजारो खेळाडू खेळले, पण हा आकडा कुणालाच गाठता आलेला नाही.

रोली २००२ मध्ये वारला. पुढच्या वेळी 'आजवरचे सर्वाधिक' अशी यादी दिसली, की नावांच्या आधी तिचं शीर्षक नीट वाचा. 'आजवर' म्हणजे नेमकं कधीपासून आणि कुणाकुणाला धरून, ते तिथेच कळतं.