व्हॅली फोर्जचीं हरणें

अमेरिकेच्या इतिहासांत व्हॅली फोर्ज हें नांव उपासमारीशीं कायमचें जोडलें गेलेलें आहे. फिलाडेल्फिया शहराच्या वायव्येस सुमारें ३० किलोमीटरांवर, स्कूलकिल नदीच्या कांठीं ही जागा आहे. १९ डिसेंबर १७७७ रोजीं जनरल जॉर्ज वॉशिंग्टन आपलें सुमारें १२ हजारांचें थकलेलें सैन्य घेऊन येथें उतरला. फिलाडेल्फिया इंग्रजांच्या हातीं गेलें होतें. सैनिकांच्या अंगावर पुरते कपडे नव्हते, कित्येकांच्या पायांत जोडे नव्हते, आणि कोठारांत मांसाचा तुटवडा होता. चारच दिवसांनीं वॉशिंग्टननें काँग्रेसला कळविलें कीं, पुरवठ्याची व्यवस्था तांतडीनें झाली नाहीं तर हें सैन्य टिकून राहणार नाहीं. तळ १९ जून १७७८ पर्यंत राहिला. तेवढ्या अवधींत सुमारें २ हजार माणसें रोगराईनें दगावलीं. लढाई मात्र त्या तळावर एकही झाली नाहीं.

लढाई न पाहिलेल्या या भूमीवर सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळानंतर, २०१० सालच्या नोव्हेंबरांत, रात्रीच्या वेळीं सरकारी बंदुका वाजूं लागल्या. नेम धरला होता तो हरणांवर. त्यापूर्वीं एक वर्ष हा प्रश्न न्यायालयांत होता, आणि त्याच्याही आधीं तो आसपासच्या वस्तींत आणि जाहीर सभांत वादाचा विषय होऊन बसला होता. एका डौलदार आणि निरुपद्रवी दिसणार्‍या प्राण्यावरून सुशिक्षित नागरिकांत एवढी तेढ कां पडावी, हें समजून घेण्यास सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

हें हरीण आपल्याकडील चितळाहून निराळें. ठिपके असतात ते फक्त पाडसांच्या अंगावर. वय वाढलें कीं ते नाहींसे होतात. भय वाटतांच तें शेपटी ताठ उभी करतें आणि तिची खालची शुभ्र बाजू निशाणासारखी झळकते. म्हणून त्याला पांढर्‍या शेपटीचें हरीण असें म्हणतात. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं कातडें आणि मांस यांसाठीं त्याची बेसुमार शिकार केली. शेतीसाठीं जंगलें तोडलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व अमेरिकेच्या बर्‍याच भागांत तें जवळजवळ दिसेनासें झालें. सार्‍या देशांत मिळून त्यांची संख्या ५ लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खालीं आली होती, असा अंदाज केला जातो. त्याच काळांत पेनसिल्व्हेनियांतून लांडगा आणि प्यूमा हे हरणांचे दोन मोठे शत्रूही माणसानें नाहींसे केले. गुरेंमेंढरें मारणारे हे पशु नष्ट झाले, याचें त्या वेळीं कोणास दुःख झालें नाहीं. पुढच्या सार्‍या कथेचें बीज मात्र तेथेंच पडलें.

मग लोकांस पश्चात्ताप झाला. पेनसिल्व्हेनिया संस्थानानें १८९५ सालीं शिकारीच्या पशुपक्ष्यांचें रक्षण करणारें मंडळ स्थापिलें. १९०० सालीं संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसनें लेसी कायदा करून, बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा एका संस्थानांतून दुसर्‍या संस्थानांत होणारा व्यापार बंद केला. १९०६ सालीं मिशिगनमधून हरणें विकत आणून पेनसिल्व्हेनियाच्या रानांत सोडण्यांत आलीं. आणि १९०७ सालीं असा निर्बंध घालण्यांत आला कीं, शिंगें असलेला नरच काय तो मारावा, मादीवर बंदूक उचलूं नये. उपाय रामबाण ठरला. हरणाची मादी नोव्हेंबरच्या सुमारास माजावर येते आणि सुमारें २०० दिवसांनीं विते. खाणें भरपूर असेल तर बहुधा तिला जुळें होतें. मादीला अभय, शत्रूंचा अभाव आणि तोडलेल्या जंगलाच्या जागीं उगवलेला कोंवळा पाला या तीन गोष्टी जुळून आल्या, आणि वीस वर्षांत पेनसिल्व्हेनियाचें रान हरणांनीं भरून गेलें.

परंतु टंचाईच्या काळांत केलेला नियम लोकांच्या मनांत कालांतरानें धर्मासारखा रुजतो. कळप रानास पेलवेनासे झाले तेव्हां १९२८ सालीं पेनसिल्व्हेनियांत माद्यांच्या शिकारीचा हंगाम काढण्यांत आला. ज्यांना वीस वर्षें मादी मारणें पाप म्हणून शिकविलें होतें, त्यांच्यांतल्या अनेकांना तें रुचलें नाहीं. विस्कॉन्सिनमध्यें हेंच पुढें १९४३ सालीं घडलें. आल्डो लिओपोल्ड हा वनशास्त्राचा पंडित. हरणें उपाशी मरण्यापेक्षां माद्यांसह कळप कमी करावा, असें त्यानें सांगितलें. त्या वर्षींच्या शिकारीस विरोधकांनीं ‘त्रेचाळिसचा गुन्हा’ असें नांव ठेवलें, आणि लिओपोल्डला पुष्कळ निंदा सोसावी लागली. तरुणपणीं लांडगे मारण्याच्या सरकारी धोरणाचा तोही पुरस्कर्ता होता. लांडग्याविना डोंगराची काय दशा होते हें पुढें डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यानें आपलें मत बदललें आणि तसें मोकळेपणानें लिहिलें. असा प्रांजळपणा सार्वजनिक वादांत दुर्मिळ असतो.

व्हॅली फोर्जची हकीकत याच इतिहासाची शहराजवळची शाखा होय. १८९३ सालीं ही भूमि पेनसिल्व्हेनियाचें पहिलें संस्थानी उद्यान झाली. ४ जुलै १९७६ रोजीं, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशीं, तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देणार्‍या कायद्यावर अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं सही केली. उद्यानाचा विस्तार सुमारें साडेतीन हजार एकर. त्यांत दोन टेकड्या आहेत; एकीचें नांव माउंट जॉय, दुसरीचें माउंट मिझरी, म्हणजे आनंदाचा डोंगर आणि दुःखाचा डोंगर. सैनिकांनीं १७७७ च्या हिंवाळ्यांत झोंपड्यांसाठीं आणि जळणासाठीं येथला परिसर तोडून उघडा केला होता. पुढें त्यावर पुन्हां रान वाढलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या उद्यानाभोंवतीं शहर पसरत आलें. शेतें गेलीं, त्यांच्या जागीं बंगले, हिरवळी, फुलबागा, रुंद रस्ते आणि किंग ऑफ प्रशिया येथील अवाढव्य बाजारपेठ उभी राहिली. वरवर पाहतां अशा ठिकाणीं वन्य पशु टिकूं नये. पण या हरणाला घनदाट अरण्यापेक्षां रानाची कडा अधिक मानवते. तेथें लपण्यास झाडी आणि खाण्यास कोंवळा पाला, दोन्ही हातांशीं असतात. रात्रीं बागेंतील गुलाब खावेत, दिवसा उद्यानांत विसावावें. उद्यानांत शिकारीस बंदी, आणि बाहेर घरें इतकीं दाट कीं तेथेंही बंदूक चालविणें कठीण. कळप वाढतच गेला. २००९ सालच्या गणनेंत उद्यानांत १,२७७ हरणें भरलीं, म्हणजे दर चौरस मैलास सुमारें २४१. रानाची वाढ नीट व्हावयाची असेल तर हें प्रमाण ३१ ते ३५ च्या दरम्यान असावें, असें उद्यानाच्या अधिकार्‍यांनीं ठरविलें होतें.

एवढ्या तोंडांचा परिणाम काय झाला, हें समजण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. उद्यानांत कांहीं तुकड्यांना प्रयोगासाठीं उंच कुंपण घालण्यांत आलें होतें. कुंपणाच्या आंत रोपें, झुडपें आणि रानफुलें माजलेलीं. कुंपणाबाहेर मोठ्या वृक्षांखालीं जमीन जवळजवळ उघडी. हरणाची मान जेथपर्यंत पोंचे तेथपर्यंत, सुमारें पांच फुटांच्या उंचीखालीं, सारा पाला साफ. जुने वृक्ष उभे होते, पण त्यांच्या पोटीं एकही पोर वाढत नव्हतें. म्हातारीं माणसें आहेत आणि मुलें नाहींत अशा गांवासारखी त्या रानाची स्थिति झाली होती. झुडपांत घरटीं करणार्‍या पक्ष्यांचाही आसरा गेला.

यावर राष्ट्रीय उद्यान विभागानें २००९ सालीं आपली योजना कायम केली. हिंवाळ्याच्या महिन्यांत, रात्रीं उद्यान बंद असतां, शिक्षित नेमबाजांनीं आमिषावर आलेलीं हरणें मारावींत. मांस वायां न घालवितां अन्नछत्रांस द्यावें. कळप ठरलेल्या प्रमाणावर आला आणि मादीची गर्भधारणा रोखणारें विश्वासार्ह औषध उपलब्ध झालें, कीं बंदूक ठेवून त्या औषधाकडे वळावें.

विरोधकांचें म्हणणें केवळ भावनेचें होतें असें समजणें अन्यायाचें होईल. ‘फ्रेंड्स ऑफ अॅनिमल्स’ या प्राणिरक्षक संस्थेनें आणि ‘केअर’ या दुसर्‍या संस्थेनें २००९ सालीं सरकारविरुद्ध दावा लावला. त्यांचा एक मुद्दा विचार करण्याजोगा होता. लांडगे गेले तरी त्या प्रदेशांत कोयोट हा कोल्ह्यासारखा दिसणारा हिंस्र पशु येऊन राहूं लागला आहे. निसर्गानें आपण होऊन पाठविलेल्या या प्रहरीस वाढूं दिलें तर बंदुकीची गरज कशाला, हा पर्याय सरकारनें नीट तपासलाच नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. त्यामागें एक गंभीर प्रश्न होता: ज्या माणसानें पूर्वीं बंदूक हातीं घेऊन सृष्टीचा तोल बिघडविला, त्याच्याच हातीं तोल सांवरण्यासाठीं पुन्हां बंदूक कां द्यावी?

सरकारचें उत्तर असें कीं, कोयोट पाडसें मारतो, क्वचित् दुबळें हरीणही मारतो. पण शेंकडों हरणांचा कळप चौपटीहून कमी करण्याचें बळ त्याच्या अंगीं आढळत नाहीं. गर्भरोधक औषधाचा प्रयोग न्यू यॉर्कजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून झाला होता. अशा उपायानें संख्या हळूहळू उतरते. आणि जें हरीण आज जिवंत आहे तें आपलें उरलेलें आयुष्य पाला खातच राहतें. दर वर्षीं प्रत्येक मादी गांठून तिला औषध टोंचणें हें खुल्या उद्यानांत किती दुष्कर, हें सांगणें नलगे.

निकाल २०१० च्या शरद् ऋतूंत सरकारच्या बाजूनें लागला. २०११ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हरीण मारणें दयेचें कीं क्रौर्याचें, हा प्रश्न न्यायालयापुढें नव्हताच. १९६९ च्या पर्यावरणविषयक कायद्यानें सरकारवर असें बंधन घातलें आहे कीं, मोठें कृत्य करण्यापूर्वीं त्याचे परिणाम आणि पर्याय तपासून लोकांपुढें मांडावे. तें बंधन पाळलें गेलें कीं नाहीं, एवढेंच न्यायाधीशांनीं पाहिलें. मनांतला मूळ वाद जेथें होता तेथेंच राहिला.

पहिल्या हिंवाळ्यांत सुमारें ६०० हरणें मारण्यांत आलीं, आणि मांस गोरगरिबांच्या अन्नछत्रांस गेलें. ज्या भूमीवर एके काळीं सेनापतीला आपल्या माणसांसाठीं मांस मिळेना, तिनेंच आतां परिसरांतल्या भुकेल्यांना मांस पुरवावें, हा योगायोग विलक्षण खरा. पुढील हिंवाळ्यांतही काम चालूं राहिलें. कळप कमी होत गेला तशीं कुंपणाबाहेरही वृक्षांचीं लहान रोपें पुन्हां डोकें वर काढूं लागलीं.

त्यानंतर असे वाद ठिकठिकाणीं झाले. राजधानी वॉशिंग्टनमधील रॉक क्रीक उद्यानांत, १८९० सालीं राखलेल्या त्या वनांत, न्यायालयीन झगड्यानंतर २०१३ च्या मार्चमध्यें हरणें मारण्यास प्रारंभ झाला. न्यू यॉर्क शहरानें स्टेटन आयलंडवर निराळा मार्ग धरला. २०१६ पासून तेथें नरांवर नसबंदीची शस्त्रक्रिया करण्यांत येऊं लागली. संख्या उतरली, पण शहराच्या तिजोरीस त्याची मोठी किंमत मोजावी लागली. अशी किंमत मोजण्यास लहान गांवें समर्थ नसतात. त्यामुळें जेथें वाद उठतो तेथें तोच प्रश्न नव्यानें विचारला जातो, आणि तींच उत्तरें पुन्हां ऐकूं येतात.

या झगड्यांत दोन्ही बाजूंस दया होती. एकाला समोर उभें असलेलें, डोळे रोखून पाहणारें हरीण दिसत होतें. दुसर्‍याला न उगवलेलें झाड आणि न बांधलेलें घरटें दिसत होतें. जें डोळ्यांस दिसतें त्याचा कैवार घेणें सोपें. जें अजून जन्मासच आलें नाहीं त्याची बाजू मांडणें कठीण. म्हणून सरकारी योजनेचे पुरस्कर्ते सभेंत नेहमींच निष्ठुर भासले.

परंतु योजनेचा विजय झाला म्हणून हिशोब मिटला असेंही नाहीं. लांडगा आपलें काम वेतनाशिवाय, सभेशिवाय आणि दाव्याशिवाय करीत असे. त्याला एकदां हांकलल्यावर तें काम माणसाच्या माथीं आलें, आणि तें एका हिंवाळ्यानें संपणारें नाहीं. औषधानें असो वा बंदुकीनें असो, वर्षानुवर्षें कोणास तरी तें करीत राहावें लागणार, आणि दर वेळीं त्याचें ओझें मनावर बाळगावें लागणार. तें ओझें ज्याला जाणवत नाहीं त्याच्या हातीं हें काम देऊं नये. आणि ज्याला जाणवतें त्यानें तें दुसर्‍याच्या खांद्यावर ढकलून स्वतःस दयाळू म्हणवूं नये. व्हॅली फोर्जच्या रानांत उभें केलेलें तें साधें कुंपण, आंतून हिरवें आणि बाहेरून उजाड, दोन्ही पक्षांस हेंच सांगत होतें.