चाळीस मिनिटे

पोहणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहीर येते. कमरेला बांधलेला भोपळा, काठावरून काकांनी दिलेला धक्का, नाकातोंडात गेलेले पाणी आणि मग वर्षभर पुरणारी फुशारकी. विहिरीचे पाणीही गार असते. पण अर्ध्या तासाने आई हाक मारते आणि आपण वर येऊन उन्हात बसतो. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या इंग्लिश खाडीत असे ऊन नाही आणि वर यायला काठही नाही. ऐन ऑगस्टात तिचे पाणी पंधरा ते अठरा अंश सेंटिग्रेडच्या घरात असते. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब वीस-पंचवीसपट वेगाने ओढून घेते. दोन-चार तासांनी बोटे एकमेकांना चिकटेनाशी होतात, पुढे बुद्धीही बधिर होऊ लागते.

ही खाडी पोहून ओलांडली ती प्रथम कॅप्टन मॅथ्यू वेबने, १८७५ च्या ऑगस्टात. अंगाला जलचराची चरबी चोपडून तो २१ तास ४५ मिनिटे पाण्यात होता. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले या अमेरिकन मुलीने सुमारे साडेचौदा तासांत ती पार केली आणि तोवरच्या साऱ्या पुरुषांना मागे टाकले. पण ही एकेकट्याची साहसे झाली. त्यांची शर्यत केली ती पुढे पैसेवाल्यांनी. १९५० साली ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने ती भरवली, तेव्हा चोवीसजण उतरले आणि नऊजण पोचले. इजिप्तचा हसन अब्देल रहीम पहिला आला. १९५३ पासून बिली बटलिन या सुट्टीच्या छावण्या चालवणाऱ्या गृहस्थाने ती आपल्याकडे घेतली. जाहिरातीचा हेतू होताच, तो कुणी लपवलाही नाही. परंतु जाहिरातीच्या पैशाने का होईना, देशोदेशीची माणसे दरसाल त्या गार पाण्याशी आली. पाणी मात्र कुणाच्या पैशाला बधत नसे. १९५७ साली पलीकडे पोचली ती अवघी दोन माणसे.

१९५८ च्या शर्यतीत डेन्मार्कमध्ये जन्मलेली ग्रेटा अँडरसन सर्वांत आधी पोचली आणि पुरुषांत पहिला आला ढाक्याकडचा ब्रोजेन दास. त्याच सप्टेंबरात मिहिर सेन या बंगाली वकिलाने शर्यतीबाहेर खाडी ओलांडली. असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय. कलकत्त्याच्या आरती साहाला ओढ लागली ती ब्रोजेन दासच्या यशाने, आणि शर्यतीच्या चालकांना तिचे नाव सुचवले तेही त्यानेच. फाळणीच्या पलीकडच्या माणसाने अलीकडच्या मुलीचे नाव पुढे करावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आरती तेव्हा अठरा वर्षांची होती. अकरा वर्षांची असताना, १९५२ साली, ती हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाऊन आली होती. मुंबईची डॉली नाझीरही त्या चमूत होती. इंग्लंडच्या खर्चासाठी मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी ११,००० रुपयांची तजवीज केली. तिचा सराव झाला तो कलकत्त्याच्या देशबंधू पार्कमधल्या तळ्यात. आधी सलग आठ तास, मग सलग सोळा. दमाची परीक्षा तिथे झाली. गारठ्याची व्हायची राहिली. बंगालच्या उन्हाळ्यातले तळे ती घेणार तरी कशी?

आता भरती-ओहोटीचे सांगितले पाहिजे. कोकणातल्या वाचकाला ते शिकवायला नको. खाडीची सर्वांत अरुंद रुंदी एकवीस मैल. पण पाणी सुमारे सहा तास ईशान्येला वाहते आणि मग तितकेच तास नैर्ऋत्येला. पोहणारा समोर हात मारतो आणि प्रवाह त्याला आडवा नेतो. किनाऱ्याजवळ नेमका कोणता प्रवाह गाठायचा, याचा हिशेब सुटण्याच्या घटकेवर बसवलेला असतो. म्हणून प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर वाट दाखवणारी एक नाव असते. नावेवरून पेज-पाणी द्यावे, धीर द्यावा. परंतु अंगाला हात लावायचा नाही. हात लागला की पोहणे बाद. आणि नावेवाचून पाण्यात शिरायचे नाही.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी रात्री एक वाजता फ्रान्सच्या ग्री-ने टोकावरून शर्यत सुटली. अठ्ठावन्न स्पर्धक होते, त्यांत बायका पाच. आरतीची नाव आली नाही. बाकीचे पाण्यात उतरले आणि ती काळोखात काठावर उभी राहिली. नाव आली ती चाळीस मिनिटांनी. नाव का चुकली हे शोधण्यात आता हशील नाही.

सकाळी अकरापर्यंत इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला होता. तिथे प्रवाह उलटला. अकरापासून चारपर्यंत पाच तास ती हात मारत होती आणि त्या पाच तासांत पुढे सरकली फक्त दोन मैल. शेवटी नावेवरच्या तांडेलाने तिला थांबायला लावले. ती चाळीस मिनिटे हाती असती तर ती नक्की पोचली असती, असे मी म्हणणार नाही. वेळेवर सुटलेलेही कितीतरी बुडीत खात्यात गेले. पण समुद्राच्या घड्याळात ती चाळीस मिनिटे कुठे खर्ची पडली, ते त्या दोन मैलांत दिसते.

शर्यत वर्षाची एकच. परत जावे, तर गावात कुणी दोष दिला नसता. ती परत गेली नाही. सप्टेंबर सरत आला, पाणी आणि दिवस दोन्ही उतरणीला लागले. २४ तारखेला तिला एकोणीसावे वर्ष पुरे झाले आणि २९ तारखेला ती पुन्हा ग्री-नेच्या काठावरून पाण्यात उतरली. या वेळी प्रतिस्पर्धी नव्हते, बक्षीस नव्हते. सोळा तास वीस मिनिटे. वळणावळणाने मिळून बेचाळीस मैल. सँडगेटच्या किनाऱ्यावर पाय टेकल्यावर तिने तिरंगा उभारला. इंग्लिश खाडी पोहून आलेली ती आशियातली पहिली स्त्री. अभिनंदन करणाऱ्यांत विजयालक्ष्मी पंडित पहिल्या होत्या.

१९६० साली तिला पद्मश्री मिळाली. १९९४ साली काविळीने ती गेली. १९९९ मध्ये टपालखात्याने तिच्या नावाचे तिकीट काढले. बटलिनच्या त्या वर्षीच्या शर्यतीत पार पोचलेल्यांची जी यादी आहे, तीत मात्र तिचे नाव नाही.