रोग्याला सांगावे की नाही

मरण जवळ आल्याचे रोग्याला सांगू नये, हा वैद्यकाचा फार जुना दंडक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला उपदेश केला आहे, की रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले, तरी त्याला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तिथे वैद्याने ते बोलू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७च्या आचारसंहितेचेही सांगणे जवळपास हेच होते: डॉक्टरने निराशेची भाकिते करू नयेत, गरज पडलीच तर आप्तेष्टांच्या कानावर घालावे. आजोबा खाटेवर आणि डॉक्टर दाराबाहेर मुलाशी बोलताहेत, ही रीत केवळ आपल्याकडची नाही.

१९६१ साली शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याकडे सुमारे ९० टक्क्यांचा कल होता. बहुतेकांनी अनुभवाचा हवाला दिला. मात्र वेगळ्या रीतीने वागल्यामुळे रोग्याचे वाईट झाल्याचे उदाहरण क्वचितच कोणाला देता आले. म्हणजे अनुभवाच्या नावाखाली मुख्यतः डॉक्टरांची स्वतःची भीतीच बोलत होती.

त्याच शहरात १९६५मध्ये धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्याकडे आले. त्यांना मरणासन्न माणसांविषयी जाणून घ्यायचे होते. रॉस यांनी रुग्णालयाच्या विभागाविभागांत अशा रोग्यांची चौकशी केली, तेव्हा काही डॉक्टर चिडले, काहींनी विषय टाळला. अखेर एक म्हातारे गृहस्थ सापडले. त्यांना तेव्हाच, त्याच क्षणी बोलायचे होते. रॉस म्हणाल्या, उद्या विद्यार्थ्यांना घेऊन येते. दुसऱ्या दिवशी ती सगळी मंडळी पोहोचली तेव्हा त्या गृहस्थांच्या तोंडून जेमतेम आभाराचे शब्द निघाले आणि तासाभरात ते गेले. पुढे दोनशेहून अधिक रोगी रॉस यांच्याशी बोलले. १९६९च्या त्यांच्या पुस्तकातील मरणाला सामोरे जाण्याच्या पाच अवस्था जगभर गाजल्या, नंतर त्यांवर टीकाही झाली. पण रोग्यालाच विचारायचे, हा पायंडा टिकला.

१९७७च्या अमेरिकी पाहणीत ९७ टक्के डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे निघाले. सोळा वर्षांत मत असे उलटले. कारण या काळात उपचार सुधारले होते आणि रोग्याच्या संमतीला कायद्याने वजन आले होते.

भारतात १९८६ साली मुंबईतील वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. बऱ्या न होणाऱ्या कर्करोग्यांची सेवा करणारे हे देशातील पहिले हॉस्पिस. रोग्याच्या बोलण्याला कायद्याचा आधार त्यानंतर पुष्कळ उशिरा मिळाला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शुद्धीवर असताना माणसाने लिहून ठेवलेले उपचारांविषयीचे इच्छापत्र वैध ठरवले. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही आवश्यक असल्याने ते कागदावरच राहिले. जानेवारी २०२३मध्ये ती अट शिथिल झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते.