कल्याण ते जुन्नर : नाणेघाटाची वाट

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) जाणारा रस्ता आपल्या सर्वांच्या माहितीचा आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग २२२ म्हणत, आता ६१ म्हणतात. नंबर बदलला, खड्डे तेच! पण या वाटेचे मूळ माळशेजमध्ये नाही. टोकावडे सोडल्यावर वैशाखरे गाव लागते, तिथून डोंगरात शिरणारी पायवाट म्हणजे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वीचा हमरस्ता हाच. सोपारा व कल्याण बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला चढत असे.

माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. इथे खरे बोलले पाहिजे. या लेखात बौद्ध संघाच्या दानाचा उल्लेख नाही. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायींचे आकडे आहेत. राजघराण्याच्या मूर्तींची आता फक्त पावले उरली आहेत.

मग संघाला आधार कोणाचा? ते पाहायला घाट ओलांडून जुन्नरला जावे लागते. तिथल्या शिलालेखांत बांबूचे काम करणारे आहेत, कांस्यकार म्हणजे आपले तांबट-कासार आहेत, धान्याचे व्यापारी आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. वाटेवर पोट भरणाऱ्यांनीच वाटेवरच्या भिक्खूंची सोय केली, असे आम्हांला वाटते. पावसाळ्यात भिक्खूंना निवारा आणि व्यापाऱ्यांना मुक्काम, दोघांचीही गरज एकाच डोंगराने भागवली.

आणि कल्याणकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट लेण्याद्रीला आहे. सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दान दिल्याचे तिथे कोरलेले आहे. आपल्याच गावचा माणूस! शेजारच्या सातव्या लेण्यात, म्हणजे मूळच्या विहारात, आज गणपती आहे. कल्याणहून गाड्या भरभरून लोक येतात, सातव्यात दर्शन घेतात आणि सहाव्याच्या दारावरून तसेच उतरतात. आमच्यातलेही काहीजण पहिल्या खेपेला तसेच उतरले होते.