समिती उठल्यावर धोरणाचे काय?

अमेरिकेत १९४६च्या कायद्यापासून सरकारी मदतीने शाळांत दुपारचे जेवण मिळते. ही मदत घेणाऱ्या प्रत्येक स्थानिक शिक्षण मंडळाने २००६चे शालेय वर्ष सुरू होईपर्यंत आहार-व्यायामाविषयी आरोग्यधोरण ठरवावे, असा कायदा २००४ साली झाला. ते ठरवताना पालक, जेवणाची व्यवस्था पाहणारे आणि विद्यार्थीसुद्धा सोबत हवेत. उत्तम! पण हा सहभाग धोरण आखण्यापुरताच होता. आखून झाल्यावर समिती उठली तर? २०१०च्या कायद्याने अंमलबजावणीत आणि फेरआढाव्यातही या सर्वांना स्थान दिले. व्यायामशिक्षक व शाळेतील आरोग्यसेवक यांची नावे तेव्हा कुठे यादीत आली. व्यायामाच्या धोरणात व्यायामशिक्षकाचाच उल्लेख नसावा, याचे आम्हाला नवल वाटते. २०१६च्या नियमांनी दर तीन वर्षांनी मूल्यमापन करून ते लोकांपुढे ठेवणे बंधनकारक केले.